सांगलीहून मुंबईला, फक्त नाटकं-मैफली बघायला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही सहा-सात मित्रमैत्रिणी वर्षातून एकदा मुंबईला जातो. लग्न नसतं, दवाखाना नसतो, मंत्रालयात कामही नसतं. रंगमंचावर जिवंत माणसं काहीतरी करताना बघायची आणि परत यायचं, एवढंच. परतलो की विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यावर, पंगतीत, फोनवर तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

नाटकं सांगलीलाही येतात की. मग एवढा खर्च करून मुंबई कशाला?

हे विचारायचा हक्क सांगलीकराला नाही तर कुणाला? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केलं ते इथेच, आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला अख्खा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो. नाटककार देवलांचं हरिपूर हाकेच्या अंतरावर, बालगंधर्व नागठाण्याचे. नाट्यपंढरीच्या माणसाने वारीला दुसरीकडे जायचं म्हणजे जरा अवघडच.

पण भावेसुद्धा नाटक घेऊन मुंबईला गेलेच होते, १८५३ मध्ये. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. सांगलीच्या मंडळींना तिचा काडीचा उपयोग नव्हता, हा भाग वेगळा.

आमचा हिशेब सरळ आहे. जे दौऱ्यावर भावे नाट्यमंदिरात येणार आहे ते इथेच बघायचं. यादी करताना प्रत्येक प्रयोगापुढे आम्ही एकच प्रश्न लिहितो: हे सांगलीला येईल का? दोन-तीन पात्रांचं विनोदी नाटक, त्यात टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा, म्हणजे आज ना उद्या त्यांची बस पुष्पराज चौकातून वळणारच. ते खोडा. दोनशे खुर्च्यांच्या थिएटरसाठी बसवलेलं प्रायोगिक नाटक, परदेशातून सेटसकट आलेलं म्युझिकल, साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा, हे इकडे येत नाही. यायला परवडणारच नाही. ते ठेवा. या चाळणीने यादी निम्म्यावर येते आणि ग्रुपमधली भांडणंही.

एक अपवाद आम्ही दरवर्षी करतो. दादरच्या शिवाजी मंदिरात रविवारी एक मराठी नाटक, ते सांगलीला येणारं असलं तरी. तिथल्या प्रेक्षकांना वाक्य पूर्ण व्हायच्या आधी हसू येतं. आपल्याकडे माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो, तो हसला की मग हसतो. तेच नट, तेच नाटक, पण प्रयोग वेगळा होतो. दोन्हीकडे बघितल्याशिवाय हे पटायचं नाही.

पुणं जवळ आहे. पुण्याला का नाही?

पुण्याला जातोच, पण ते वेगळं प्रकरण आहे. डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झालेले, त्यांची कबरही मिरजेच्या दर्ग्यात आहे. म्हणजे तिथे जाणं आम्हाला घरच्या कार्याला गेल्यासारखं वाटतं. पण तिथे एका मांडवात बसून दिवसचे दिवस गाणं ऐकायचं असतं. इथे विषय आहे तीन दिवसांत चार वेगळ्या जागी चार वेगळ्या गोष्टी बघण्याचा, आणि त्याला मुंबईच लागते.

जायचं कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरात पृथ्वी थिएटरचा महोत्सव असतो. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो, तो फुकट असतो आणि गर्दीही फुकटातलीच असते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे मोठे हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये असतात.

पावसाळ्यात जाऊ नका. तिकडे लोकल बुडते आणि इकडे आपण. ऑगस्ट २०१९ मध्ये आमची सगळी तिकिटं काढून झाली होती आणि आम्ही कृष्णेच्या महापुरात आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी बघत बसलो होतो. शेवटी ज्या बॅगा मुंबईसाठी भरल्या होत्या त्याच घेऊन दोघंजण नातेवाइकांकडे माळ्यावर राहायला गेले.

किती दिवस आणि किती प्रयोग?

गुरुवारी रात्री निघायचं, सोमवारी सकाळी घरी. दुकानवाल्यांना दुकान उघडता येतं, नोकरीवाल्यांची एकच रजा जाते. मधल्या तीन दिवसांत प्रयोग चार. शुक्रवारी संध्याकाळी एक, शनिवारी दोन, रविवारी दुपारी एक.

पहिल्या वर्षी आम्ही सहा प्रयोग बसवले होते. अंगात वारं शिरलं होतं, दुसरं काय. शनिवारी सकाळी अकराचं नाटक, दुपारी चारचं नाटक आणि रात्री गाणं. गायिकेने विलंबित ख्याल सुरू केला, आणि आमच्या रांगेतले चौघं समेवर नाही, सरळ झोपेवर आले. त्यातला एक घोरला. पुढच्या बाईंनी मागे वळून बघितलं तो चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून दिवसाला जास्तीत जास्त दोन, आणि दोन्हींमध्ये तीन तासांचं अंतर. त्या वेळात काहीही ठरवायचं नाही. नाटक बघून बाहेर आल्यावर त्यावर बोलायला वेळ मिळाला नाही, तर नुसती तिकिटं फाडून आल्यासारखं होतं.

आधी काय बुक करायचं?

प्रयोग, मग गाडी, मग खोली. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात. स्वस्त खोली मिळाली म्हणून तारीख धरतात आणि मग त्या तारखेला काय चाललंय ते शोधतात.

यात एक खोच आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तर मराठी नाटकांच्या तारखा बऱ्याचदा आठ-दहा दिवस आधीच कळतात. म्हणून ज्यांच्या तारखा महिनोन्‌महिने आधी जाहीर होतात, म्हणजे एनसीपीए, बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुलातलं) नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर, मोठ्या कॉन्सर्ट, त्यातला एक आम्ही खुंटा म्हणून ठोकतो. त्याला गाडी बांधायची. मराठी आणि प्रायोगिक नाटकं नंतर त्याच्याभोवती भरायची. शनिवार-रविवार असेल तर मुंबई-ठाण्यात काही ना काही असतंच.

मराठी नाटकांचे प्रयोग कळतात कुठे?

मराठी वर्तमानपत्रांच्या मुंबई आवृत्तीतल्या नाटकांच्या जाहिराती अजूनही सगळ्यात भरवशाच्या. ई-पेपरवर दिसतात. त्यात थिएटरचं नाव आखडून लिहिलेलं असतं: ‘शिवाजी’, ‘दीनानाथ’, ‘गडकरी’, ‘यशवंत’. खाली वार आणि वेळ. ऑनलाइन तिकिटं बुकमायशो आणि तिकीटालयवर मिळतात.

आपल्यात एखादं वडीलधारं माणूस मुंबईत असेल तर मात्र त्यांना थिएटरच्या खिडकीवर पाठवा. खिडकीवर प्लॅन समोर ठेवून बोट दाखवून जागा निवडता येते, आणि खिडकीतले काका ‘ती नको, खांब येतो’ असं सांगतात. ॲप हे सांगत नाही.

नेमकी कुठली थिएटरं?

आमची आवड सांगतो. तुमची वेगळी निघाली तर भांडू नका.

पृथ्वी थिएटर, जुहू. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी १९७८ मध्ये सुरू केलं. जेमतेम दोनशे माणसं बसतात आणि तीन बाजूंनी प्रेक्षक. नटाच्या कपाळावरचा घाम ओघळताना दिसतो. एकदा पहिल्या रांगेत बसलो होतो. प्रसंगात नटीने रागाने पेला आदळला आणि पाण्याचे चार थेंब माझ्या चष्म्यावर आले. पुसायची हिंमत झाली नाही, हात हलवला तर प्रसंग मोडेल असं वाटलं. दहा मिनिटं त्या थेंबांतूनच नाटक बघितलं. सांगलीला काय येत नाही, असं कुणी विचारलं की मी हे थेंब सांगतो. इथे खुर्ची क्रमांक नसतो, रांगेत लवकर उभं राहायचं. सोमवारी बंद.

एनसीपीए, नरिमन पॉइंट. एकाच आवारात लहान-मोठी पाच थिएटरं. टाटा थिएटर १९८० चं, हजारेक खुर्च्यांचं. गाणं ऐकायला मला मुंबईत याहून चांगली जागा माहीत नाही. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचते. ते तानपुरे मिरजेचे असण्याची शक्यता दाट. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्यातली एक जण मध्यंतरात कलाकारांना जाऊन विचारूनच आली, ‘मिरजेचेच ना?’ होते. एवढं पाचशे रुपयांचं तिकीट काढून आम्ही शेवटी गावच्याच भोपळ्याचं कौतुक करत बसलो.

बीकेसीतलं सेंटर मार्च २०२३ मध्ये उघडलं. मोठ्या थिएटरात २००० माणसं बसतात. परदेशी म्युझिकल्स इथे येतात. ते थाटमाट एकदा बघाच. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर डोळे दिपतात आणि तिसऱ्या दिवशी आठवतो तो सेट. त्याच इमारतीत २५० खुर्च्यांचं स्टुडिओ थिएटर आणि १२५ जणांचा क्यूब आहे, तिथलं वेळापत्रक आधी बघत जा.

शिवाजी मंदिर, दादरच्या प्लाझा सिनेमासमोर. जिना चढून वर जायचं, गुडघेदुखीवाल्यांनी वेळ हाताशी ठेवावा. प्रभादेवीचं रवींद्र, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे आणि ठाण्याचं गडकरी रंगायतन, इथेही मराठी नाटकं लागतात. पण बोरिवली आणि ठाणे एकाच दिवसात धरू नका. नकाशावर बोटभर दिसतं, प्रत्यक्षात त्यात एक अख्खा अंक जातो.

राहायचं कुठे?

दादर. मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनी तिथे मिळतात, शिवाजी मंदिर चालत, आणि नाटक संपल्यावर रात्री साडेअकरालासुद्धा रस्ता जागा असतो. एकदा दोनशे-दोनशे वाचवायला लांब उपनगरात राहिलो. वाचले ते सगळे रिक्षात गेले.

खोली फोनवर पक्की करून पावती मागून घ्या. एका लॉजवाल्याने पहाटे दारातच ‘आज लग्नाचं बुकिंग आलंय’ म्हणून हात वर केले होते. सात माणसं, सात बॅगा आणि भडंगाची पिशवी, सगळे फुटपाथवर.

गाडी कुठली?

जाताना महालक्ष्मी एक्स्प्रेस. रात्री जेवून बसायचं, सकाळी मुंबई. कोयनेने जाऊ नका, दिवस गाडीतच मावळतो. परतीची महालक्ष्मी सीएसएमटीहून रात्री साडेआठच्या सुमारास सुटते, म्हणजे रविवारी रात्रीचा प्रयोग धरता येत नाही. चारचा प्रयोग पावणेसात-सातला सुटतो, दादरहून लोकलने जायला वेळ पुरतो. पडदा पडल्यावर नटांना भेटायला आत शिरलात तर नाही पुरत.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग काही तास बंद. आदल्या दिवशी बघून ठेवा, साधारण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत. दुपारी चारच्या प्रयोगाला निघायची वेळ नेमकी यातच येते.

रात्री उशिरा परत कसं यायचं?

लोकल मध्यरात्रीनंतरही थोडा वेळ असते. कफ परेड ते आरे ही मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली, एनसीपीएला जायला विधान भवन स्टेशन बरं पडतं. पण ती रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते, त्यामुळे जाताना मेट्रो आणि येताना चर्चगेटहून लोकल.

थोडा उशीर झाला तर आत सोडतात का?

मराठी व्यावसायिक नाटकाला सोडतात. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत आपण आत जातो आणि अख्खी रांग मनातल्या मनात आपला उद्धार करते. प्रायोगिक थिएटरांत मात्र तिसरी घंटा म्हणजे तिसरी घंटा. दार बंद.

आमच्यातले दोघं एकदा ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून वडापाव खायला थांबले. आले तेव्हा दार लागलं होतं. एकजण हळदीचा व्यापारी, मार्केट यार्डात त्याच्यासाठी सौदा थांबतो. त्याने दारावरच्या पोराला ‘आम्ही चारशे किलोमीटरवरून आलोय’ असं सांगून बघितलं. पोरगा म्हणाला, ‘सर, मग पाच मिनिटं आधी निघायचं होतं.’ नाटक संपेपर्यंत दोघं बाहेर चहा पीत बसले. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांनी गोष्ट विचारली. आम्ही सांगितली नाही.

इंग्रजी फारसं येत नाही. म्युझिकल कळेल का?

गोष्ट आधी वाचून जा, मग सगळं कळतं. आपल्या आज्या कानडी भजनाला डोळे पुसायच्या, त्यांना कुठे शब्द कळत होते.

पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राला मात्र एक लक्षात ठेवा. एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि मधल्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नसतात. आपली सवय वेगळी, जागा चांगली घेतली की दाद गेलीच पाहिजे. वर उल्लेखलेल्या व्यापाऱ्याने पहिला भाग संपल्याबरोबर त्या हजारभर माणसांच्या शांततेत खणखणीत ‘क्या बात है!’ म्हटलं. वर मंचावरचा एक व्हायोलिनवाला हसला. मला विचाराल तर दाद योग्यच होती.

स्टेडियममधल्या मोठ्या कॉन्सर्टला जावं का?

वय आणि कंबर बघून ठरवा. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले तेव्हा घरोघरची पोरं लॅपटॉप उघडून ऑनलाइन रांगेत बसली होती. अशा ठिकाणी चार-पाच तास उभं राहणं, बाहेरचं पाणी आत न नेऊ देणं, मोठी बॅग बाहेरच ठेवायला लावणं, हे सगळं धरूनच चालायचं. सुटल्यावर सगळं स्टेडियम एकाच स्टेशनकडे चालतं. शेवटचं गाणं सोडून निघायचं की शेवटची लोकल सोडायची, हे आत जायच्या आधी ठरवून ठेवा. आम्ही एकदा गेलो. मजा आली, पण पुन्हा जाणार नाही.

खर्च किती येतो?

मराठी नाटकाच्या पुढच्या खुर्च्या ४००-५०० रुपयांच्या घरात, प्रायोगिकही तेवढंच किंवा कमी. म्युझिकलचं तिकीट हजारांत जातं. प्रवास, दादरची साधी खोली दोघांत एक आणि खाणं धरून माणशी साधारण सात-आठ हजारांत आमचं भागतं, म्युझिकल सोडून.

‘मी नक्की येतो’ म्हणून ऐनवेळी गळणाऱ्यांचं काय करता?

आता काही करावं लागत नाही. ग्रुपवर अंगठा दाखवला म्हणजे होकार नाही, पैसे आले की होकार. एकाच माणसाच्या खात्यावर सगळे पैसे, आणि तो हिशेब ठेवणारा माणूस उधारीवर धंदा न करणारा हवा. आमच्यात एक बँकेतली मैत्रीण आहे. तिला कारण सांगायची कुणाची छाती होत नाही. गळालात तर तुमच्या जागी माणूस तुम्हीच आणायचा.

प्रयोग रद्द झाला तर?

होतो कधीकधी. नट आजारी पडतात, त्यांनाही घसा असतो. तिकिटाचे पैसे परत येतात, गाडीचे पूर्ण येत नाहीत. म्हणून खुंट्याच्या प्रयोगाखेरीज त्याच संध्याकाळी जवळपास दुसरं काय आहे, ते कागदावर लिहून ठेवा. आमचं आवडतं एक नाटक असंच दुसरा पर्याय म्हणून बघितलेलं आहे.

खायचं काय?

शिवाजी मंदिरात मध्यंतराला बटाटावडा. घंटा व्हायच्या आत संपवायचा असतो, त्यामुळे जीभ भाजतेच. पृथ्वीच्या कॅफेत सुलेमानी चहा. गाडीत भडंग, कांदा-लिंबू वेगळ्या डब्यात, नाहीतर कराडपर्यंत त्याचा चिखल होतो.

नवऱ्याला, बायकोला, मुलांना न्यावं का?

ज्याला बघायची हौस आहे त्यालाच न्या. ‘मी येतो पण नाटकाला नाही’ म्हणणारा माणूस दर दोन तासांनी ‘कुठे आहात’ म्हणून फोन करतो. लहान मुलांना काही थिएटरांत प्रवेशच नसतो, तिकिटावरची वयाची अट वाचा.

मग गेटवे, राणीची बाग, समुद्र काही बघतच नाही?

समुद्र दिसतो. एनसीपीएतून बाहेर पडलं की समोरच आहे. रात्री अकराला कठड्यावर बसून आम्ही दुसऱ्या अंकावर भांडतो, आणि हळदवाला दरवेळी म्हणतो की शेवट आपल्याकडे भाव्यांत दाखवला असता तर लोकांनी उठू दिलं नसतं.